तराजूला न कळणारी गोष्ट

मागच्या अंकात सूक्ष्म धूलिकणांवर (पीएम २.५, म्हणजे साधारण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण; मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : धुळीचं वजन वेगळं आणि तिचा विखार वेगळा. त्या एका वाक्याने पत्रं ओढून आणली. काहींना ते पटलं, काहींना पळवाट वाटलं, आणि एकांनी तर "ताई, अठ्ठावीस वर्षं वजनं केलीत, मग आता हे काय?" असं थेट विचारलंय. रागावले नाही, प्रश्न रास्तच आहे. जागेपुरती पाच पत्रं घेतली आहेत. मी डॉक्टर नव्हे, फिल्टर तोलण्यात आयुष्य घालवलेली बाई आहे. तेव्हा खोकल्यावर औषध विचारणाऱ्या दोघांनी कृपया आपापल्या डॉक्टरांना गाठावं.

प्रश्न : दोन ठिकाणी पीएम २.५ चा आकडा सारखाच, समजा ४०, आला तर दोन्हीकडच्या माणसांना होणारा त्रासही सारखाच धरायचा का? तसं नसेल तर वजन करताच कशाला? (एक निवृत्त हिशेबनीस)

उत्तर : तुम्ही हिशेबातले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. वजन म्हणजे खर्चाची एकूण बेरीज. बेरीज खरी असते, पण पैसे औषधावर गेले की जुगारावर, ते तिच्यातून कळत नाही.

आधी ही बेरीज कशी मांडतात ते पाहा. ४० म्हणजे एक घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम धूळ. नमुना घेणारा पंप मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे दिवसभरात २४ घनमीटर. गुणाकार केलात तर फिल्टरवर ९६० मायक्रोग्रॅम जमतात. पुरता एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. फिल्टर स्वतः याच्या कितीतरी पट जड. म्हणून तो आधी कोरा तोलायचा, मग भरलेला, आणि वजाबाकी करायची. वजनाच्या खोलीत तापमान २० ते २३ अंश, आर्द्रता ३० ते ४० टक्के, आणि त्या हवेत फिल्टर किमान २४ तास नुसता पडून राहतो. मग चिमट्याने कड धरून उचलायचा. बोटाचा पुसट ठसासुद्धा त्या तराजूला दिसतो. टेफ्लॉनच्या फिल्टरवर स्थिर वीज साचली की आकडा नाचू लागतो, म्हणून फिल्टर आधी पोलोनियम या किरणोत्सारी धातूच्या पट्टीजवळून फिरवतात. तिच्यातले अल्फा कण हवा विद्युतभारित करतात आणि साचलेली वीज उतरते. एकदा तेवढं करूनही आकडा स्थिर होईना. अर्धा तास मी तराजूला शिव्या घातल्या. दोष माझ्या अंगातल्या लोकरी स्वेटरचा होता.

इतकी उस्तवार करून हाती येतो तो एक आकडा. त्यात समुद्रावरून आलेलं मीठ आहे, वाऱ्याने उडालेली माती आहे, वायूंपासून हवेतच तयार झालेलं सल्फेट आणि नायट्रेट आहे, लाकूड जळताना निघालेली काजळी आहे, ब्रेकच्या झिजेतून आलेलं तांबं आहे. तराजू सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. शरीर तसं मोजत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. एडिंबरातल्या संशोधकांच्या गटाने २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी स्वयंसेवकांना वेगवेगळ्या वेळी बंद कक्षात बसवून कधी विरळ केलेला डिझेलचा धूर, कधी कण गाळून काढलेला तोच धूर, तर कधी शुद्ध कार्बनचे अतिसूक्ष्म कण असलेली हवा श्वासात दिली. धुराने रक्तवाहिन्यांची सैलावण्याची क्षमता घटली. गाळलेल्या धुराने घटली नाही, तेव्हा वायू सुटले आणि संशय कणांवर आला. पण शुद्ध कार्बनच्या कणांनीही ती घटली नाही! कण आत जातो एवढ्याने भागत नाही, तो अंगावर काय घेऊन जातो हे बघावं लागतं. माझ्या मते या विषयावर वाचावा असा हा एकच प्रयोग असेल तर हाच.

मग विखार मोजायचा कसा? सध्या जिचा सगळ्यात बोलबाला आहे ती चाचणी ऑक्सिडेटिव्ह पोटेन्शियलची, म्हणजे कणांच्या ऑक्सिडीकरण करण्याच्या ताकदीची. फुप्फुसाला आतून द्रवाचा पातळ थर असतो. त्यात व्हिटॅमिन सी, ग्लुटाथायोन, युरिक आम्ल असे राखणदार असतात. काही कण या राखणदारांना भराभर संपवतात आणि मग पेशींवर ताण येतो, सूज धरते. हीच झटापट आम्ही काचेच्या नळीत लावतो. राखणदाराच्या जागी डायथायोथ्रायटॉल नावाचं रसायन घालायचं. प्रयोगशाळेत त्याला सगळे डीटीटीच म्हणतात. त्याला गंधकाचा असा दर्प असतो की घरी गेल्यावर माणसं विचारतात, आज काय सांडलं होतं. तापमान शरीराइतकं, ३७ अंश. पीएच ७.४. त्यात फिल्टरच्या तुकड्यावरून उतरवलेला धुळीचा अर्क सोडायचा आणि ठरावीक मिनिटांनी थोडं थोडं द्रावण बाहेर काढायचं. त्यात एक दुसरं रसायन घातलं की शिल्लक डीटीटी पिवळा रंग देतं. तो पिवळेपणा ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा.

इथे नवीन मुलं हमखास फसतात. गडद पिवळं म्हणजे जहाल, असं ती वहीत लिहून मोकळी होतात. आहे उलटं. डीटीटी शिल्लक राहिलं तर पिवळा रंग येणार; म्हणजे जी नळी फिकट ती धूळ खट्याळ. एकदा मी मुद्दाम सारख्याच वजनाची धूळ दोन नळ्यांत घेतली होती. एक समुद्राकडून वारा येत होता त्या दिवसाची, जवळजवळ सगळं मीठच. दुसरी, गाड्या सतत ब्रेक मारतात अशा चौकातली. अर्ध्या तासाने पहिली नळी झेंडूसारखी आणि दुसरी पाण्यात जेमतेम हळद पडावी तशी. तराजूच्या वहीत मात्र दोघींच्या नावापुढे एकच आकडा.

युरोपभरच्या नमुन्यांवरचा एक अभ्यास २०२० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आला. त्यात हेच मोठ्या नकाशावर दिसलं. धुळीच्या वजनात मोठा वाटा हवेत तयार होणाऱ्या सल्फेट-नायट्रेटसारख्या क्षारांचा आणि मातीचा. ऑक्सिडेटिव्ह पोटेन्शियलमध्ये मात्र वरचढ ठरले ते घरोघरी जळणाऱ्या लाकडाच्या धुरातून बनणारे सेंद्रिय कण आणि वाहनांच्या ब्रेक-टायरच्या झिजेतले धातू. आता बघा, फक्त वजन उतरवायचं ठरवलं तर यंत्रणा क्षारांच्या मागे लागणार, आकडा खाली येणार, आणि खट्याळ मंडळी आपल्या जागी तशीच.

एवढं सांगून झाल्यावर माझाच पाय मागे खेचते. ही चाचणी अजून कच्ची आहे. डीटीटी क्विनोन (धुरातली एक प्रकारची सेंद्रिय रसायनं), तांबं, मँगनीज यांना जोरात प्रतिसाद देतं. त्याऐवजी व्हिटॅमिन सी वापरलं तर तांबं बाकीच्यांना झाकून टाकतं. अर्क पाण्यात काढला की मिथेनॉलमध्ये, यावर उत्तर बदलतं. तांबं दुप्पट घातलं म्हणून प्रतिसाद दुप्पट होतोच असं नाही. दोन प्रयोगशाळांना एकच नमुना दिला तर आकडे सहज जुळत नाहीत. त्यातून, सगळ्यात चळवळ्या घटकांना धीर नसतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाच्या गटाने २०२५ साली दाखवलं की कणांवरच्या ऑक्सिजन रॅडिकल्सपैकी (दिसेल त्याच्याशी झटकन अभिक्रिया करणाऱ्या ऑक्सिजनच्या रूपांपैकी) ६० ते ९९ टक्के काही मिनिटांत किंवा तासांत नाहीसे होतात. फिल्टर दिवसभर पंपावर, मग डबीत, मग फ्रीजरमध्ये. नळीपर्यंत पोहोचतात ते मागे उरलेले. म्हणून आता कण पकडल्या पकडल्या थेट द्रवात ओढून तिथेच मोजणारी यंत्रं बांधली जातायत. मला पन्नाशीत मिळायला हवी होती ती.

आणि वजन कशाला, तर आरोग्याचं जे काही आपल्याला पक्कं ठाऊक आहे ते बहुतेक सगळं वजनावर उभं आहे. हार्वर्डचा सहा शहरांचा अभ्यास १९९३ साली आला. अमेरिकेतल्या आठ हजारांवर प्रौढांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला होता. सिगारेट वगैरेचा हिशेब वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्यूचा धोका सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघाला. त्यांच्या हातात डीटीटी नव्हतं, तराजू होता. बेरीज फाडून टाकू नका, हिशेबनीस. तिच्याखाली खाती मांडा.

प्रश्न : मी घरात धूलिकणांचा छोटा सेन्सर ठेवलाय. अंघोळीनंतर बाथरूमचं दार उघडलं की आकडा एकदम तिप्पट होतो. धुक्याच्या पहाटेही तसंच. यंत्र बिघडलंय का? कोणत्या कंपनीचं घ्यावं?

उत्तर : कंपनीचं नाव मी कुणाचंच सांगत नाही. यंत्र बिघडलेलं नाही, ते वाफेला धूळ समजतंय.

आत एक लेझर आहे, समोर प्रकाश टिपणारा डोळा आहे आणि एक चिमुकला पंखा. कणावर आपटून प्रकाश किती विखुरतो त्यावरून ते वजनाचा अंदाज बांधतं. अंदाजच तो. कणाची घनता, आकार, रंग, सगळं त्याने गृहीत धरलेलं असतं. बाष्पाचा थेंबही प्रकाश विखुरतो. शिवाय सल्फेट-नायट्रेटचे कण दमट हवेत पाणी पिऊन फुगतात, आणि फुगलेला कण या यंत्राला जाडजूड धूळ वाटतो. आमच्याकडे फिल्टर ३० ते ४० टक्के आर्द्रतेत सुकवून मगच तोलतात, तुमच्या यंत्राला तेवढी सवड कुठली? आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच्या आकड्यावरून घाबरून जाऊ नका. मात्र नळाचं पाणी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये घालत असाल तर तिथली वाढ खोटी नाही : थेंब सुकतो आणि पाण्यातले क्षार खरोखरच बारीक धूळ होऊन तरंगत राहतात.

आमचा फिल्टर तरी कुठे साव आहे! पाणी पिऊन कण जड दिसतात तसे उष्णतेने हलकेही होतात. अमोनियम नायट्रेट ऊन लागलं की वायू होऊन उडून जातं. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. हिवाळ्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांतून मी दोन फिल्टर काढले. एक बर्फाच्या पेटीत ठेवला, दुसरा गडबडीत गाडीच्या डिकीत राहिला आणि गाडी दुपारभर उन्हात. दोन्ही एकाच हवेचे जुळे भाऊ, पण डिकीतला चांगलाच हलका भरला. वरिष्ठांनी एवढंच विचारलं, "उरलेली धूळ कुठे ठेवलीस?" त्यानंतर बर्फाची पेटी मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

प्रश्न : मुलं विचारतात, २.५ च का? २.६ मायक्रोमीटरचा कण निरुपद्रवी असतो का? (विज्ञान शिक्षक)

उत्तर : निसर्गात अशी रेघ नाही. हवेच्या झोताला गिरकी देऊन जाडे कण बाजूला पाडणारा एक भाग यंत्राच्या तोंडाशी असतो, त्याला सायक्लोन म्हणतात. २.५ म्हणजे ज्या आकाराचे निम्मे कण तिथे अडतात आणि निम्मे पुढे जातात तो आकार. २.६ चेही बरेच आत येतात, २.४ चेही काही अडतात. आणि हा व्यास पट्टीने मोजलेला नव्हे. पाण्याइतक्या घनतेचा जो गोल हवेत तसाच वागेल त्याचा व्यास. जळणातून आणि वायूंपासून बनणारे बारीक कण एका बाजूला आणि दळून, घासून, उडून आलेली जाडी धूळ दुसऱ्या बाजूला पडावी, म्हणून रेघ साधारण इथे ओढली. अमेरिकेने १९९७ साली पीएम २.५ चं मानक केलं आणि आकडा जगभर रुळला.

प्रश्न : आमच्या खिडकीखालून दिवसभर गाड्या जातात. जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा पीएम २.५ चा आकडा १२ च असतो. निश्चिंत राहू ना? घरात लहान बाळ आहे.

उत्तर : हा १२ कशाचा, ते आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादा दोन आहेत : २४ तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५. एखाद्या दिवसाचा १२ असेल तर ठीक. वर्षभर १२ असेल तर तो दुपटीहून जास्त झाला.

पण तुमच्या खिडकीचा खरा प्रश्न वजनात येतच नाही. गाडीच्या धुरातले बरेचसे कण ०.१ मायक्रोमीटरहून लहान असतात. २.५ मायक्रोमीटरच्या एका कणाच्या वजनात ०.१ चे किती कण बसतात माहितीय? व्यासात २५ पट फरक, म्हणजे वजनात २५ चा घन : १५,६२५. एका जाड्या कणाचा तराजूवर जेवढा भार, तेवढाच या पंधरा हजारांचा मिळून. पृष्ठभाग मात्र सगळ्यांचा मिळून २५ पट, आणि चिकटून येणारी रसायनं पृष्ठभागावरच बसतात. शिवाय हे चिमुकले भरकटत फुप्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांत जाऊन टेकतात.

यांना तोलत नाहीत, मोजतात. प्रकाशालाही ते दिसत नाहीत, म्हणून आधी त्यांना फुगवायचं. कण बुटेनॉल या अल्कोहोलच्या गरम वाफेतून नेऊन एकदम थंड करायचे. वाफ प्रत्येक कणाभोवती द्रव होऊन साचते, दिसण्याइतका थेंब होतो आणि लेझरसमोरून एकेक टिपला जातो. बुटेनॉलचा उग्र वास मला अजूनही कुठेही ओळखता येईल. आरोग्य संघटनेने या कणांसाठी मर्यादा घातलेली नाही, पण ओळखायला खूण दिलीय : घनसेंटिमीटरमागे २४ तासांची सरासरी १,००० च्या खाली म्हणजे कमी, १०,००० च्या वर म्हणजे जास्त. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नव्या हवा-निर्देशात निवडक मोठ्या केंद्रांवर हे कण आणि काजळी मोजणं आलंय.

तुमच्या हातात काय, तर अंतर. रस्त्यापासून काही शे मीटरवर यांची संख्या झपाट्याने पडते, कारण ते एकमेकांना चिकटतात, वाऱ्याने विरळ होतात. एका घरात एवढं अंतर मिळत नाही हे कळतं. तरी बाळाची झोपायची जागा रस्त्याच्या उलट बाजूच्या खोलीत न्या, आणि रस्त्याकडची खिडकी वर्दळ ओसरल्यावर उघडा. केंद्राच्या १२ मध्ये याने काही फरक पडणार नाही, पण बाळ केंद्रात झोपत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. खिडकीला पांढरा रुमाल बांधला होता. आठवड्याने तो काळा झाला. मग रुमालावरून प्रदूषण मोजता येईल का? प्रकल्पासाठी हवंय.

उत्तर : येईल, आणि तू जे केलंस त्याची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं तेव्हाही तिथला धूर असाच मोजला जात होता : हवा कागदातून ओढायची आणि डाग किती काळा पडला ते परावर्तित प्रकाशावरून ठरवायचं. आज काजळी मोजणारं एथॅलोमीटर नावाचं यंत्र असतं, तेही हेच करतं. फितीवर डाग पाडायचा आणि ८८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश त्यातून किती अडतो ते बघायचं. काजळीइतकं दुसरं काही त्या प्रकाशाला अडवत नाही.

पण सल्फेट, नायट्रेट, मीठ पांढरं असतं. ते रुमालावर बसलं तरी तुला दिसणार नाही. म्हणून प्रकल्पाच्या नावात 'प्रदूषण' नको, 'काजळी' लिही. दोन रुमाल घे. एक बांध, दुसरा तसाच घडी घालून त्याच खोलीत बंद डबीत ठेव. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. तोही जरा मळलेला निघाला तर तेवढं पहिल्यातून वजा करायचं. आणि नुसता बांधून ठेवलेल्या रुमालातून किती हवा गेली ते कुणालाच सांगता येत नाही, वारा असेल तशी ती जाते. त्यापेक्षा घरातल्या व्हॅक्यूम क्लिनरच्या नळीच्या तोंडाला रुमालाचा तुकडा रबराने बांध आणि रोज एकाच वेळी, मोजून दहा मिनिटं चालव. मोठ्या माणसाला सोबत घे, तोंड झाकल्यामुळे मोटर तापते; गरम लागली तर पाच मिनिटं कर, पण मग रोज पाचच. प्रत्येक तुकड्यावर तारीख, वेळ आणि मिनिटं पेन्सिलने लिही. शाईने लिहू नकोस, डागात मिसळते.